सात जणांची सात मतं: 'द किंग ऑफ कॉमेडी' बघून हसायचं की घाबरायचं?

प्रश्न असा आहे. सोलापुरात शिकणाऱ्या सात मित्रमैत्रिणींनी एका खोलीत बसून मार्टिन स्कोर्सेसी यांचा 'द किंग ऑफ कॉमेडी' पाहिला. दोघं पोट धरून हसले, तिघांना कंटाळा आला, एक मित्र अर्ध्यातूनच उठून गेला आणि एका मैत्रिणीला भीती वाटली. शेवट खरा की नायकाच्या मनातला, यावरून रात्री दोनपर्यंत वाद चालला. "विनोदी सिनेमा म्हणतात, मग हसू का येत नाही? आणि आमच्यातलं बरोबर कोण?"

आधी त्या घाबरलेल्या मैत्रिणीबद्दल लिहितो, कारण अशा गटात तिचंच मत सगळ्यात आधी उडवून लावलं जातं. तिला जे वाटलं ते अगदी रास्त आहे. टीव्हीवरच्या विनोदवीराचा पिच्छा पुरवणाऱ्या चाहत्याच्या या सिनेमाचं चित्रीकरण १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये झालं. त्याच शहरात डिसेंबर १९८० मध्ये जॉन लेनन यांना त्यांच्या एका चाहत्याने घराच्या दारात गोळ्या घातल्या होत्या. त्याच दिवशी दुपारी त्या माणसाने त्यांची सही घेतली होती. मार्च १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला. तो करणाऱ्या तरुणाने जोडी फॉस्टर या अभिनेत्रीचा ध्यास घेतला होता, आणि तो ध्यास लागला होता 'टॅक्सी ड्रायव्हर' बघून, म्हणजे याच दिग्दर्शकाच्या आणि याच नटाच्या, रॉबर्ट डी निरोच्या, आधीच्या सिनेमामुळे. चाहता दाराशी उभा आहे हे दृश्य त्या वेळच्या अमेरिकन प्रेक्षकाने विनोद म्हणून बघावं तरी कसं? तुमच्या मैत्रिणीला यातलं काही माहीत नसेल, पण पडद्यावर जे पेरलेलं होतं ते तिच्यापर्यंत पोचलं. शिवाय एखादा माणूस 'नाही' हा शब्द ऐकूनच घेत नाही, हसतमुखाने पुन्हापुन्हा येत राहतो, हा अनुभव मुलींना सिनेमाबाहेरही असतो. आमच्या फिल्म सोसायटीच्या खेळांनंतर हे मला तीन-चार जणींनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आहे.

मी सोलापुरात २६ वर्षं फिल्म सोसायटीचं काम करतो. सिनेमा मिळवायचा, खुर्च्या मांडायच्या, दाखवायचा, आणि मग चहा घेत चर्चा चालवायची. हा सिनेमा मी चार वेळा, चार वेगळ्या प्रेक्षकांना दाखवला. प्रत्येक वेळी मागच्या भिंतीला टेकून मी पडद्याकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघितलं. त्यातून जे कळलं त्यावरच हे उत्तर बेतलेलं आहे.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. रूपर्ट पपकिन हा चौतीस वर्षांचा माणूस आईच्या घराच्या तळघरात राहतो. आई दिसत नाही, वरून फक्त तिचा आवाज येतो. तो स्वतःला मोठा विनोदवीर समजतो. जेरी लँगफर्ड हा रोज रात्री टीव्हीवर दिसणारा खराखुरा मोठा विनोदवीर. रूपर्ट त्याच्या गाडीत घुसतो, त्याच्या ऑफिसात खेटे घालतो, आमंत्रण नसताना त्याच्या बंगल्यावर जातो, आणि शेवटी माशा नावाच्या दुसऱ्या चाहतीला हाताशी धरून त्याला पळवतो. खंडणी काय मागतो, तर जेरीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं. रूपर्ट झाला आहे रॉबर्ट डी निरो आणि जेरी झाले आहेत जेरी लुईस.

तुमच्या खोलीत जे घडलं तेच १९८३ मध्ये सिनेमा लागला तेव्हा अख्ख्या अमेरिकेत घडलं. सुमारे १ कोटी ९० लाख डॉलर खर्चून काढलेल्या या सिनेमाने तिथे कसेबसे २५ लाख डॉलर जमवले. जेरी लुईस म्हणजे तोंड वेडंवाकडं करून हसवणारा नट, अशी सवय लागलेले लोक आले, आणि पडद्यावर त्यांना भेटला एक थकलेला, चिडका, एकटा जेवणारा माणूस. डी निरोचा सिनेमा म्हणून आलेल्यांना मारामारी हवी होती. त्यांना मिळाला भडक सूट घातलेला, अति गोड बोलणारा गृहस्थ. पण त्याच वर्षी कान महोत्सवाचं उद्घाटन याच सिनेमाने झालं, आणि पटकथेसाठी पॉल झिमरमन यांना ब्रिटनचा बाफ्टा मिळाला. झिमरमन स्वतः 'न्यूजवीक' साप्ताहिकात सिनेमाची परीक्षणं लिहायचे. आज हा सिनेमा स्कोर्सेसींच्या उत्तम कामांत धरला जातो. सिनेमातली एक चौकटही बदललेली नाही. बदलले ते बघणारे.

आता हसू का येत नाही ते बघू. हे कारागिरीचं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

आपल्याकडचा फार्स आठवा. दार धाडकन लागतं, पात्र प्रेक्षकांकडे वळतं, क्षणभर थांबतं. तो क्षण म्हणजे 'आता हसा' अशी परवानगी असते. पात्राची फजिती झाली तरी त्याला खरं लागलेलं नाही, हेही त्या क्षणात आपल्याला कळतं. सिनेमात हे काम संगीत करतं, दुसऱ्या पात्राचा चेहरा करतो, किंवा दृश्य ऐन वेळी तोडलं जातं. स्कोर्सेसींनी इथे या तिन्ही गोष्टी जवळजवळ काढूनच घेतल्या आहेत. एरवी त्यांचा कॅमेरा सतत धावतो, इथे तो एका जागी उभा आहे. लाजिरवाणा प्रसंग संपला असं आपल्याला वाटतं, तरी दृश्य दोन-तीन सेकंद चालूच राहतं. त्या जास्तीच्या सेकंदांत हसू विरतं आणि खुर्चीत चुळबुळ सुरू होते.

बंगल्यावरचा प्रसंग पुन्हा बघा. रूपर्ट रिटाला, म्हणजे शाळेपासून त्याला आवडणाऱ्या मुलीला, घेऊन आलाय, 'जेरीने आपल्याला बोलावलंय' असं सांगून. ती नटूनथटून आलीय. नोकर घाबरून जेरीला फोन करतो. जेरी गोल्फ सोडून घरी येतो, चेहरा दगडासारखा. रूपर्ट अजूनही पाहुण्यासारखा हसतोय. नीट बघितलंत तर लक्षात येईल की आपल्याला बोलावलेलंच नव्हतं हे रिटाला रूपर्टच्या कितीतरी आधी कळतं. तिच्याकडे बघणारा प्रेक्षक त्या क्षणी मान खाली घालतो, आणि रूपर्टकडे बघणारा अजून हसत असतो. एकाच ओळीत शेजारीशेजारी बसलेल्या दोन माणसांचं मत इथे फुटताना मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरी गोष्ट मनोराज्याची. हिंदी सिनेमात स्वप्न सुरू होताना धूर येतो, रंग बदलतो, वीणा वाजते. इथे काहीच होत नाही. जेरी हॉटेलात रूपर्टसमोर बसून 'माझा कार्यक्रम सहा आठवडे तू सांभाळ' म्हणून गळ घालतोय, हे दृश्य खऱ्यासारखंच समोर येतं, आणि मग कळतं की रूपर्ट तळघरात एकटा बडबडतोय. एका मनोराज्यात तर त्याच्या शाळेचे मुख्याध्यापक टीव्हीवर येऊन त्याचं लग्न लावतात आणि सगळ्यांच्या वतीने त्याची माफी मागतात. तुमच्यातल्या ज्या तिघांना कंटाळा आला ते बहुधा इथेच निसटले असावेत. पायाखाली काय खरं आहे ते कळेना की माणूस सिनेमातून मनाने बाहेर पडतो, आणि त्यालाच तो कंटाळा म्हणतो.

आता सोलापूरचं.

पहिल्यांदा मी हा सिनेमा आमच्या हौशी नाट्यकर्मींना दाखवला. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी उतरणारी, हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाच्या विंगेत वाढलेली ही मंडळी. दिवसभर बँकेत, शाळेत, यंत्रमागाच्या कारखान्यात, आणि रात्री तालीम. मला वाटलं होतं, विनोदी नटाची गोष्ट म्हणजे हे सगळ्यात जास्त हसतील. तळघरापर्यंत हसलेही. पुठ्ठ्यातून कापलेले जेरी आणि लायझा मिनेली, मधल्या खुर्चीत रूपर्ट, हे दिसताच कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर वाढदिवसाचा फ्लेक्स बे!" आणि सगळी खोली हसली. पण पुढे रूपर्ट जेरीच्या ऑफिसात जाऊन बसतो. रिसेप्शनवरची मुलगी नम्रपणे सांगते, साहेब नाहीत. तो बसून राहतो. छताकडे बघतो, छत कशाचं केलंय ते विचारतो. त्याने दिलेली विनोदांची टेप परत येते: काही जागा चांगल्या आहेत, पण अजून तयारी नाही, आधी लहान क्लबांत काम करा. इथे खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मागच्या ओळीतला एक चाळिशीचा नट चप्पल घालून हळूच निघून गेला. आमच्याकडच्या उत्तम नटांपैकी तो एक. पुढच्या आठवड्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मुंबईला फोटोंचं पाकीट घेऊन मी असाच बसलो होतो हो. साडेचार तास. तिथलं छत मला अजून आठवतं."

त्या माणसाला सिनेमा आवडला नाही, असं मी म्हणणार नाही. त्याला तो सहन झाला नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मतं मोजताना आपण दोन्ही एकाच खात्यात टाकतो.

दुसऱ्या खेळाला पूर्व भागातली बरीच पोरं होती. सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमचा पूर्व भाग म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारा तेलुगू भाषिक पद्मशाली समाज. घरात तेलुगू, शाळेत मराठी किंवा तेलुगू, आणि पडद्यावर तेलुगू हिरो. आवडत्या नटाचा सिनेमा लागला की पोस्टरला हार, फटाके, पहिल्या खेळाला शिट्ट्या. या पोरांनी रूपर्टकडे फारसं लक्षच दिलं नाही. त्यांची चर्चा पेटली ती माशावरून. सँड्रा बर्नहार्ड यांनी केलेली ही श्रीमंत घरची, एकाकी, जेरीवर जीव टाकणारी मुलगी. कॉलेजच्या एका प्राध्यापकांनी तिला 'मनोरुग्ण' म्हटलं, तसा एक पोरगा उभा राहिला. म्हणाला, "ती वेडी नाही सर. तिला कुणी सांगितलंच नाही की तो तिला ओळखत नाही." हे वाक्य मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं. पहिल्याच प्रसंगात माशा जेरीच्या गाडीत घुसते आणि तिचे दोन पंजे आतून काचेवर टेकलेले असताना चित्र गोठतं. सिनेमाची नावं त्याच चित्रावर येतात. प्राध्यापकांना त्या पंजांत धोका दिसला, पोराला कोंडलेपण. मला विचाराल तर पोराने जास्त बघितलं.

तिसरा खेळ निवृत्त मंडळींचा. त्यांना जेरीची दया आली, आणि 'आजकाल कुणाला कष्ट नकोत' यावर एकमत झालं. चर्चा लवकर संपली.

चौथा खेळ गेल्या काही वर्षांतला, आणि तोच तुमच्या जवळचा. मोबाईलवर रील करणारी मुलं. यांतली बरीचशी 'जोकर' बघून आली होती. २०१९ च्या त्या सिनेमात डी निरोच टीव्हीवरच्या निवेदकाच्या खुर्चीत बसलेला आहे, त्यामुळे त्यांना हा सिनेमा त्याचा आधीचा भाग वाटला. रक्त सांडेल म्हणून ती वाट बघत राहिली आणि सांडलं नाही म्हणून हिरमुसली. कुठला सिनेमा आधी बघितला यावरही मत ठरतं, हे लक्षात ठेवा. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मला कुणी आधी विचारला नव्हता: "सर, यात त्याचं चुकलं काय? दहा मिनिटं मिळाली ना त्याला?" आधीच्या तिन्ही खेळांत रूपर्टने गुन्हा केला हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. या मुलांना ते धरावंसं वाटलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणं मला पटत नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळ्यांनी 'सैराट' केला, अकलूजची शाळकरी मुलगी २०१६ मध्ये एका रात्रीत महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. प्रसिद्धी रस्त्यावरून चालत येऊन आपल्या दारात उभी राहू शकते, हे या मुलांनी बघितलंय. माझ्या तरुणपणी ती मुंबईला राहायची.

चौघाही प्रेक्षकांची मतं शेजारीशेजारी ठेवली की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रसिद्धीवरच्या विनोदी सिनेमात प्रेक्षक कोण बरोबर ते ठरवायच्या आधीच कुणाच्या तरी खुर्चीत जाऊन बसलेला असतो. नट रूपर्टच्या खुर्चीत, पूर्व भागातला पोरगा माशाच्या, निवृत्त मंडळी जेरीच्या, आणि तुमची मैत्रीण बहुतेक रिटाच्या किंवा त्या रिसेप्शनवरच्या मुलीच्या. हसू येतं ते फक्त दुसऱ्याच्या खुर्चीकडे बघताना.

म्हणून ज्या सिनेमात दिग्दर्शक आपल्याला एकच खुर्ची देतो, तिथे मतं इतकी फुटत नाहीत. हृषीकेश मुखर्जींचा १९७१ चा 'गुड्डी' बघा. शाळकरी मुलगी धर्मेंद्रवर भाळलेली, घरचे धर्मेंद्रलाच मदतीला घेतात आणि तिला स्टुडिओतली मेहनत, खोट्या भिंती, हिरो व्हायला आलेले आणि गर्दीत हरवलेले चेहरे दाखवतात. सगळा सिनेमा आपण गुड्डीचे शहाणे नातेवाईक म्हणून बघतो, म्हणून निर्धास्त हसतो. मला तो फार प्रिय आहे. तरी एक शंका आमच्या चर्चेत दर वेळी निघते आणि ती खरी आहे: नटाभोवतीचं वलय उतरवायला निघालेल्या या सिनेमात धर्मेंद्र आधीपेक्षा अधिक सज्जन, अधिक मोठा होऊन बाहेर पडतो. देव माणसांत आला, पण देव्हारा तसाच राहिला. 'पीपली लाइव्ह'चं (२०१०) उलट झालं. कर्जापायी मरायला निघालेल्या नत्थाच्या दारात टीव्हीच्या गाड्या जमतात. शहरातले लोक वार्ताहरांवर खदाखदा हसत होते. आमच्या खेळाला सांगोला, मंगळवेढ्याकडचे काही शेतकरी होते, ते एकदाही हसले नाहीत. चारा छावणीतले दिवस काढलेल्या माणसाला नत्थाच्या अंगणाबाहेरची खुर्ची मिळणार कुठून?

याचा अर्थ सगळीच मतं सारखी, असा नाही. पडद्यावर जे आहे त्याच्याशी न जुळणारं मत चुकीचंच. "रूपर्ट नुसता मूर्ख आहे" हे असं एक मत. शेवटचं भाषण पुन्हा ऐका. जागा पकडणं, थांबणं, आवाज खाली आणणं, हे त्याला येतं. आईबापांनी केलेल्या छळाच्या गोष्टी तो विनोद म्हणून सांगतो आणि स्टुडिओतले लोक हसतात. जेरीला बांधून ठेवलंय हेही तो सरळ सांगून टाकतो, त्यालाही हसतात. तो थोर नाही, टुकारही नाही. टीव्हीवर रोज रात्री दिसणाऱ्या कितीतरी जणांइतका बरा आहे, आणि सिनेमातली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच आहे. दुसरं चुकीचं मत, "जेरी माणूसघाणा". रस्त्यावर फोनवर बोलणाऱ्या बाईचा प्रसंग बघा. ती त्याचं तोंडभर कौतुक करते, नातेवाइकाशी फोनवर दोन शब्द बोला म्हणते, तो नम्रपणे नकार देतो आणि ती त्याच क्षणी 'तुला कॅन्सर होवो' म्हणून ओरडते. हा प्रसंग जेरी लुईस यांच्या स्वतःच्या आयुष्यात घडलेला होता. असं रोज सोसणारा माणूस दार लावून घेणार नाही तर काय करेल?

राहिला शेवट. बातमीदाराच्या आवाजात कळतं की ८ कोटी ७० लाख घरांनी रूपर्टला बघितलं, त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली, दोन वर्षं नऊ महिन्यांनी तो सुटला, त्याचं आत्मचरित्र खपलं. मग लाल सूटमध्ये तो मंचावर येतो. निवेदक त्याचं नाव पुन्हापुन्हा पुकारतो, टाळ्या थांबत नाहीत, तो नुसता उभा आहे. पहिल्या खेळापासून कितीतरी वर्षं मी छातीठोकपणे सांगायचो की हे त्याचं मनोराज्यच. पुरावा म्हणून तो न थांबणारा नावाचा पुकारा दाखवायचो: खऱ्या कार्यक्रमात कुणी इतक्यांदा नाव घेत नाही, तळघरातला माणूसच ते हवं तितकं ऐकू शकतो. आज मी ते तितक्या खात्रीने म्हणत नाही. कारण आधीच्या जवळजवळ प्रत्येक मनोराज्यात रूपर्ट अखंड बोलतो. जेरीशी, रिटाशी, पुठ्ठ्यांशी. आणि इथे, सगळं जग ऐकायला बसलेलं असताना, तो एक शब्द बोलत नाही. ज्याला फक्त बोलायचं होतं त्याचं मनोराज्य मुकं कसं असेल? चौथ्या खेळाच्या मुलांनी ही शांतता मला दाखवून दिली, आणि तेव्हापासून मी शेवट खरा धरून बघतो. तुमच्या वादात मला ओढायचं असेल तर माझं मत या बाजूला लिहा, पण आधीचा पुरावाही तितकाच वजनदार आहे हे विसरू नका.

पुढच्या वेळी चर्चा करताना 'आवडला का?' या प्रश्नाने सुरुवात करू नका. सिनेमा संपला की बोलायच्या आधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि त्यावर दोनच गोष्टी लिहायला सांगा: हसू शेवटचं कुठे आलं, आणि नजर पडद्यावरून पहिल्यांदा कुठे हटली. आम्ही चिठ्ठ्या आधी गोळा करतो, कारण तोंडाने बोलायला लागलं की सगळे मोठ्या आवाजाच्या माणसाकडे झुकतात. एका चिठ्ठीवर इतकंच होतं: "जेरी त्याच्याशी एकदा नीट बोलला असता तर?" त्यावर आम्ही दीड तास बोललो.

आणि तो अर्ध्यातून उठून गेलेला मित्र. त्याच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण सात जणांत मला सगळ्यात जास्त त्याच्याशी बोलायला आवडेल. तो नेमका कुठल्या प्रसंगाला उठला, ते त्याला एकट्याला गाठून विचाराल का?